आजोबांचा रेडिओ आणि खाण्याचा सोडा

‘सर्किट गेलंय, भंगारात द्या,’ असं दुकानदाराने सांगितल्यावर आजीने आजोबांचा ट्रान्झिस्टर गुपचूप पुन्हा कपाटात ठेवला. दिवाळीच्या सुट्टीत तो माझ्या हाती लागला. मागचं झाकण उघडलं तर आत धूळ, कोळिष्टकं आणि सेलच्या जागेजवळ हिरवट-पांढरे थर! इलेक्ट्रॉनिक्सची विद्यार्थिनी म्हणून माझ्या इज्जतीचा प्रश्न होता.

मित्रांनो, जुनं उपकरण बंद पडलं म्हणजे त्यातला पार्ट जळलाच असं नाही. पुष्कळदा दोष घाणीचा असतो. धूळ हवेतला ओलावा धरून ठेवते आणि त्यातून नको तिथे करंट झिरपतो. सेल फुटून बाहेर आलेलं रसायन तर तांब्याचे ट्रॅक चक्क खातं. ती हिरवी पूड म्हणजे खाल्लेलं तांबंच.

आजी म्हणाली, ‘अगं, तांब्याची भांडी घासतो तसं लिंबू लाव की!’ मी लावणारच होते, पण सेल बघितले आणि थांबले. साध्या झिंक-कार्बन सेलमधली गळती आम्लधर्मी असते. त्यावर लिंबू म्हणजे आगीत तेल! तिथे खाण्याचा सोडा पाण्यात कालवून लावायचा. अल्कलाइन सेलची गळती उलट असते, कारण त्यात पोटॅशियम हायड्रॉक्साइड असतं. तिथे मात्र लिंबू किंवा व्हिनेगर चालतं. बारावीची केमिस्ट्री अशी कामाला येईल असं वाटलं नव्हतं!

माझी पद्धत अशी :

१. सेल आणि प्लग काढा. कुठली वायर कुठे आहे याचे मोबाइलवर फोटो घ्या.

२. मऊ, कोरड्या ब्रशने धूळ झाडा. फेराइट रॉडवरची तार केसासारखी असते, तिला धक्का नको. पत्र्याच्या छोट्या डब्यांमधले स्क्रू फिरवू नका, ट्यूनिंग बिघडतं.

३. हातमोजे घालून गळतीवर योग्य तो उपाय कापसाच्या काडीने लावा. नंतर डिस्टिल्ड वॉटरने पुसा. नळाचं पाणी नको, त्यातले क्षार बोर्डवर राहतात.

४. शेवटी ९९ टक्के आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि जुना टूथब्रश. मेणचट घाण निघते, पाणीही निघून जातं. खिडकी उघडी ठेवा आणि जवळपास गॅस, उदबत्ती नको. थिनर, अ‍ॅसिटोन वापरू नका, प्लॅस्टिक विरघळतं.

५. पंख्याखाली पूर्ण एक दिवस वाळवा. घाई नको!

एक कळकळीची सूचना. हे सगळं सेलवर चालणाऱ्या सेटसाठी आहे. व्हॉल्व्हचा रेडिओ किंवा जुना पिक्चर ट्यूबवाला टीव्ही प्लग काढल्यावरही जीवघेणा शॉक देऊ शकतो, कारण कपॅसिटरमध्ये चार्ज साठलेला असतो. तिथे सरांना किंवा जाणकाराला बरोबर घ्याच.

साफ केल्यावर दिसलं की एक ट्रॅक पूर्ण तुटलाय. बारीक वायर सोल्डर करून तो जोडला. उत्साहाच्या भरात त्याच अल्कोहोलने डायलची काचही पुसली, आणि काळजात धस्स झालं. आजोबांनी बॉलपेनने पुणे केंद्रापाशी केलेली निळी खूण गायब! बॉलपेनची शाई अल्कोहोलमध्ये विरघळते, हे मला माहीत होतं. लक्षात मात्र आलं नाही.

आजीला सांगताना मला रडूच आलं. ती काहीच बोलली नाही. नवीन सेल घातले, बटण फिरवलं. आधी खरखर, मग लांबून गाणं. आजीने डायलकडे न बघता, नुसत्या कानाने स्टेशन बरोबर धरलं. मग म्हणाली, ‘आण तुझं पेन. आता तू खूण कर.’

तेव्हा दोस्तांनो, भंगारात देण्याआधी एकदा झाकण उघडून बघा. फक्त काही पुसण्याआधी ते कोणी लिहिलंय, हेही बघा.