मोडलेल्या घोट्याचा जमाखर्च

घोट्याचा सांधा नडगीचे जाड हाड, त्याच्या बाहेरच्या बाजूचे बारीक हाड आणि या दोहोंच्या खाचेत बसणारे पावलातील टॅलस नावाचे हाड अशा तीन हाडांचा बनलेला असतो, आणि सुताराने खाचेत कुसू बसवावे तशी टॅलसची बैठक घट्ट असते म्हणूनच एवढ्याशा जागेवर सगळ्या शरीराचा भार पेलला जातो. रॅम्सी आणि हॅमिल्टन यांनी १९७६ साली मृतदेहांच्या घोट्यांवर केलेल्या मोजमापांत टॅलस बाहेरच्या बाजूला केवळ १ मिलिमीटर सरकले तरी सांध्यात हाडाला हाड टेकणारी जागा सरासरी ४२ टक्क्यांनी कमी होते असे दिसून आले. हाडे तंतोतंत जुळवून प्लेट आणि स्क्रूने पक्की करण्याच्या शस्त्रक्रियेला या आकड्याने मोठे बळ दिले.

मात्र प्रत्येक फ्रॅक्चरमध्ये टॅलस सरकत नाही. फक्त बाहेरचा घोटा मोडला असून आतल्या बाजूचे अस्थिबंध, म्हणजे हाडांना एकमेकांशी बांधून ठेवणारे चिवट पट्टे, शाबूत असतील, तर त्या फ्रॅक्चरला स्थिर म्हणतात आणि ते बहुधा शस्त्रक्रियेवाचून भरून येते. फिनलंडमधील एका चाचणीत अशा रुग्णांना नेहमीच्या सहा आठवड्यांऐवजी तीनच आठवडे प्लास्टर घालूनही निष्पत्ती कमी पडली नाही, असे २०१९ साली प्रसिद्ध झाले. खरा पेच आहे तो अस्थिर फ्रॅक्चरचा, आणि त्यातही वयस्कर रुग्णांचा.

घोट्यावर मांसाचे आवरण जवळजवळ नसते, त्यामुळे धातूची प्लेट पातळ त्वचेच्या लगेच खाली येते. सूज असताना चिरा दिल्यास जखम उघडी पडण्याचा धोका असल्याने ताणून चकचकीत झालेल्या त्वचेवर पुन्हा बारीक सुरकुत्या दिसेपर्यंत सर्जन अनेकदा काही दिवस थांबतात. मधुमेह किंवा पायातील अपुरा रक्तपुरवठा असेल तर हा धोका आणखी वाढतो. म्हणून शस्त्रक्रियेचा खर्च मांडताना इम्प्लांट, भूल आणि खाटभाडे एवढेच धरून भागत नाही. चिघळलेली जखम, प्रतिजैविके, टोचणारा स्क्रू काढण्यासाठी पुन्हा करावे लागणारे ऑपरेशन आणि घरातल्या माणसाचा बुडालेला रोजगारही त्यात धरावा लागतो.

या प्रश्नाची नीट तोलून केलेली तपासणी ब्रिटनमध्ये झाली. साठीपुढील ६२० रुग्णांपैकी काहींवर शस्त्रक्रिया झाली, तर काहींना अगदी कमी कापूस वापरून पायाच्या आकाराला घट्ट बेतलेले प्लास्टर भूल देऊन घालण्यात आले. २०१६ साली प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार सहा महिन्यांनंतर चालणे-फिरणे व दैनंदिन कामे यांच्या १०० गुणांच्या मापनात शस्त्रक्रियेच्या गटाला ६६, तर प्लास्टरच्या गटाला ६४.५ गुण मिळाले. जखमेचा संसर्ग किंवा जखम उघडी पडणे हे पहिल्या गटात १० टक्के, तर दुसऱ्यात १ टक्का आढळले, आणि प्लास्टरचा खर्चही कमी आला. उलट बाजूही लहान नाही: एक्स-रेमध्ये हाड वाकडे जुळलेले दिसण्याचे प्रमाण प्लास्टरच्या गटात १५ टक्के, तर शस्त्रक्रियेच्या गटात ३ टक्के होते, आणि सुरुवातीला प्लास्टर घातलेल्यांपैकी १९ टक्के रुग्णांना पुढे शस्त्रक्रिया करून घ्यावी लागली.

वृद्ध रुग्णाला एक्स-रे घेऊन नव्हे, पायावर उभे राहून जगायचे असते. त्यामुळे कुशल हाताने घातलेल्या प्लास्टरचा पर्याय त्याच्यापुढे शस्त्रक्रियेच्या बरोबरीने ठेवला गेलाच पाहिजे. पण तो हात तयार असला पाहिजे आणि हाड सरकते का हे पाहण्यासाठी सुरुवातीच्या आठवड्यांत वारंवार एक्स-रे काढण्याची सोय असली पाहिजे. या दोन्ही गोष्टी नसतील तर स्वस्त वाटणारे प्लास्टर महागात पडते. तरुण रुग्णाच्या बाबतीत हा हिशेब जसाच्या तसा लागू करता येत नाही, कारण त्याला त्या सांध्यावर आणखी कित्येक दशके काढायची असतात. ज्यांच्यावर शस्त्रक्रिया होते त्यांच्यासाठी २०२४ सालच्या आणखी एका ब्रिटिश चाचणीने मोलाची माहिती दिली: पायावर भार द्यायला सहा आठवड्यांऐवजी दोनच आठवड्यांनी सुरुवात केली तरी पाय कमी बरा होत नाही. घरी परतल्यावर कुबड्यांवर काढावे लागणारे पूर्ण चार आठवडे त्यामुळे वाचू शकतात.