संगणकांच्या ताफ्याची राखण



सोलापूरचा किल्ला डोंगरावर नाहीं. सपाट जमिनीवरील या भुईकोटाला उंचीचा आधार नसल्यामुळें बांधणारांनीं एका बाजूस सिद्धेश्वराचा तलाव, इतर बाजूंस खंदक, मग बाहेरचा तट आणि त्याच्या आंत दुसरा तट अशी योजना केली. एक अडसर मोडला तरी पुढचा उभा असावा, हा त्यांतील विचार. आज ज्या परीक्षेविषयीं बोलावयाचें आहे, तिच्या मुळाशीं हाच विचार आहे. आपल्याकडील संगणक शिकलेला मुलगा किंवा मुलगी पुण्याहून दूरध्वनी करून सांगते कीं मला ‘सीकेएस’ व्हावयाचें आहे. घरच्या मंडळींस त्याचा अर्थबोध होत नाहीं. शुल्क मात्र पुष्कळदां घरूनच मागविलें जातें!

प्रथम कंटेनर म्हणजे काय तें पाहूं. संगणकाचा एखादा कार्यक्रम आणि त्याला लागणारें सर्व साहित्य एका पेटींत बांधून ठेवलें, म्हणजे ती पेटी कोणत्याही यंत्रावर उघडली तरी तो सारखाच चालतो. मोठ्या संस्थांत अशा हजारों पेट्या अनेक यंत्रांवर एकाच वेळीं चालू असतात. कोणती पेटी कोठें ठेवावी, बंद पडली तर नवी केव्हां उभी करावी, हें पाहणारी व्यवस्था म्हणजे कुबर्नेटीस. गूगल कंपनीनें ती २०१४ सालीं सर्वांसाठीं खुली केली. या ग्रीक शब्दाचा अर्थ कर्णधार असा आहे.

हा कर्णधार कुशल खरा, पण स्वभावानें फार भोळा. मुद्दाम मनाई केल्यावांचून कोणतीही पेटी दुसऱ्या कोणत्याही पेटीशीं बोलूं शकते. परवलीचे शब्द ज्या भांडारांत राहतात, तेथें ते मूळ स्थितींत कुलूपबंद नसून केवळ निराळ्या अक्षरांत लिहिलेले असतात. मोडींत लिहिलेला हिशेब जसा गुप्त नव्हे, ज्याला मोडी येते तो वाचतो, तसाच हा प्रकार. शिवाय एका यंत्रावरील सर्व पेट्या त्या यंत्राच्या एकाच गाभ्यावर चालतात. म्हणून त्यांच्यामधील भिंती दिसतात तितक्या जाड नसतात.

याचा परिणाम काय होतो? टेस्ला या मोटार कंपनीच्या कुबर्नेटीसचा नियंत्रणफलक परवलीच्या शब्दावांचून इंटरनेटवर उघडा राहिल्याचें २०१८ च्या फेब्रुवारींत जाहीर झालें. चोरांनीं आंत शिरून कंपनीच्याच यंत्रांवर आभासी चलन निर्माण करण्याचा उद्योग चालविला होता. त्याच वर्षीं ऑगस्टच्या ११ आणि १३ तारखेस पुण्याच्या कॉसमॉस बँकेंतून सुमारें ९४ कोटी रुपये गेले. तें प्रकरण पेट्यांचें नव्हतें. खोट्या मध्यस्थ यंत्रणेनें पैसे देण्यास होकार भरला होता. तरी वेशीच्या आंत आलेल्या माणसाला वाड्यांत कोण अडवितो, हा प्रश्न दोन्हीकडे सारखाच आहे.

लिनक्स फाउंडेशन आणि तिच्या छत्राखालील सीएनसीएफ या संस्थांनीं ही परीक्षा २०२० च्या नोव्हेंबरांत सुरू केली. तिला बसण्यापूर्वीं कुबर्नेटीसच्या व्यवस्थापनाची ‘सीकेए’ ही परीक्षा उत्तीर्ण व्हावी लागते. वेळ दोन तास, उत्तीर्ण होण्यास शेंकडा ६७ गुण, आणि प्रमाणपत्राची मुदत दोन वर्षें. पर्यायांतून उत्तर निवडण्याचा प्रकार येथें नाहीं. पंधरा ते वीस कामें दिलेलीं असतात, व तीं चालू यंत्रांवर प्रत्यक्ष करून दाखवावीं लागतात. म्हणजे एका कामास सरासरी सहा ते आठ मिनिटें! ज्यानें केवळ वाचन केलें त्याचा तेथें निभाव लागत नाहीं.

म्हणून तयारीची पहिली पायरी पुस्तक ही नव्हे. घरच्या संगणकावर मिनिक्यूब किंवा काइंड या विनामूल्य साधनांनीं लहानसा ताफा उभा करावा आणि तो स्वतःच फोडून पाहावा. सर्व पेट्यांचें परस्पर बोलणें बंद करावें, मग हवी तेवढीच वाट उघडावी. एखाद्या सेवेला जरुरीपेक्षां अधिक अधिकार देऊन ती काय काय पाहूं शकते तें तपासावें व अधिकार काढून घ्यावे. बाहेरून आणलेल्या पेट्यांतील दोष ट्रिव्ही दाखवितें. चालू पेटींत कोणी भलतेंच करूं लागलें तर फाल्को सूचना देतें. पेट्या कोठून येतात, त्यांच्या आंत काय आहे आणि चालू असतां त्या काय करतात, या तीन विभागांना प्रत्येकीं शेंकडा २० गुण आहेत. उरलेले ४० गुण ताफ्याची उभारणी, त्याची बळकटी आणि खालचीं यंत्रें यांना.

एका कामाविषयीं थोडें विस्तारानें सांगतों, कारण पुष्कळांची घसरगुंडी तेथेंच होते. ताफ्याचें मुख्य दार म्हणजे एपीआय सर्व्हर. त्याच्या आज्ञापत्रांत फेरफार करतांच तो आपोआप पुन्हा सुरू होतो. पण आज्ञापत्रांत एक रिकामी जागा जरी कमीअधिक झाली, तरी तो उठतच नाहीं. सोलापुरी चादरीच्या जकार्डच्या पुठ्ठ्यावर एक छिद्र चुकलें कीं नक्षी बिघडावी, तशी गत होते. तेव्हां फेरफारापूर्वीं आज्ञापत्राची नक्कल दुसऱ्या जागीं ठेवावी, दार बंद पडल्यास नोंदी कोठें पाहावयाच्या तें माहीत असावें, आणि हा अपघात घरीं पांचदहा वेळां मुद्दाम घडवून सावरावा.

जुन्या टिपणांपासून सावध राहावें. पॉड सिक्युरिटी पॉलिसी नांवाची सोय २०२२ सालीं १.२५ व्या आवृत्तींतून काढून टाकण्यांत आली. तरी तिचे धडे अजून हातोहात फिरतात. परीक्षेंत कुबर्नेटीसचीं अधिकृत पानें उघडण्यास मोकळीक असते. तेव्हां पाठांतरापेक्षां कोणती गोष्ट कोणत्या पानावर आहे, याची ओळख अधिक उपयोगी.

शुल्क डॉलरांत असतें आणि मध्यम स्थितींतील कुटुंबास तें जड वाटतें. माझ्या मतें नोकरीच्या पहिल्याच वर्षीं ही घाई करूं नये. ताफा हातीं आल्यावर बसावें. एकदां अपयश आल्यास त्याच शुल्कांत दुसरी संधि मिळते, आणि सरावासाठीं किलर शेल या सराव-परीक्षेच्या दोन बैठकीही मिळतात. परीक्षा घरीं बसून देतां येते; मात्र खोलींत दुसरें कोणी नसावें, मेज मोकळें असावें, कॅमेऱ्यांतून पहारा असतो. नोंदणींतील नांव ओळखपत्रावरील नांवाशीं तंतोतंत जुळतें कीं नाहीं, तें आधींच पाहावें. वीज गेली तरी दोन तास चालेल अशी सोय करावी, आणि त्या वेळेंत घरच्या मंडळींनीं दार ठोठावूं नये.