लाईट गेली, गेम थांबला?

बालमित्रांनो, केज तालुक्यातलं युसूफ वडगाव असो की तुमचं गाव, व्हिडिओ गेम रंगात आला की नेमकी लाईट जाते! मग सेलवर चालवायचा का?

थोडं गणित करू. साधा सेल दीड व्होल्टचा, तर पुन्हा चार्ज होणारा निकेलचा सेल 1.2 व्होल्टचा. टीव्हीला जोडायच्या पुष्कळ जुन्या गेमचा अ‍ॅडॉप्टर 9 व्होल्टचा असतो. साधे 6 सेल ओळीनं जोडले की झाले 9. चार्जिंगचे 6 मात्र भरतात 7.2, तिथं 8 हवेत, म्हणजे 9.6. सेल 2000 मिलिअँपिअर-तासांचे असतील आणि गेम 500 मिलिअँपिअर घेत असेल, तर साधारण 4 तास खेळा!

पण थांबा, टीव्ही कशावर चालणार? त्याला मोठी बॅटरी हवी. म्हणून तर 1989 साली आलेला निन्टेंडोचा गेम बॉय हुशार! पडदा अंगातच आणि 4 सेलमध्ये काम.

आणि हो, अ‍ॅडॉप्टरवर 'डीसी' लिहिलंय ना, ते आधी पाहा. अधिक-उणे उलटं झालं तर गेम जळू शकतो. साधे सेल चार्ज करू नका, ते फुटू शकतात. जोडताना घरातलं मोठं माणूस शेजारी हवंच. नाहीतर लाईट येईपर्यंत अंगणात विटीदांडू आहेच की!