जोखमीचे गणित

ज्वारीच्या ओळींमध्ये तुरीची ओळ पेरणारा शेतकरी एकाच पिकावर विसंबून राहत नाही. एक हातचे गेले, तरी दुसरे पदरी पडावे, हा त्यामागील विचार. या व्यवहारज्ञानाला गणिताची भक्कम बैठक हॅरी मार्कोविट्झ या अमेरिकी अर्थशास्त्रज्ञाने १९५२ साली ‘जर्नल ऑफ फायनान्स’मधील लेखाद्वारे दिली. १९९० मध्ये त्यांना मर्टन मिलर व विल्यम शार्प यांच्यासमवेत अर्थशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले.

मार्कोविट्झ यांनी प्रश्न असा मांडला : अपेक्षित परतावा निश्चित केल्यास किमान जोखमीची विभागणी कोणती? जोखीम म्हणजे परताव्यातील चढउतार. समजा, दोन समभागांचा अपेक्षित परतावा सारखाच असून प्रत्येकाचे प्रमाण विचलन २० टक्के आहे. रक्कम निम्मी-निम्मी गुंतवली आणि दोहोंच्या चढउतारांत परस्परसंबंध नसला, तर एकत्रित विचलन सुमारे १४ टक्क्यांवर येते; अपेक्षित परतावा मात्र तेवढाच राहतो. दोन्ही समभाग एकाच तालावर वरखाली होत असतील, तर विभागणीचा काहीच लाभ नाही. २००८ च्या जागतिक आर्थिक संकटात हेच प्रत्ययास आले. एरवी स्वतंत्र वाटणाऱ्या अनेक गुंतवणुकी एकाच वेळी घसरल्या.

अशा आपत्तीचे मोजमाप कसे करावे? ‘व्हॅल्यू ॲट रिस्क’ हे बँकांमध्ये रूढ झालेले परिमाण, उदाहरणार्थ, शंभरपैकी ९५ दिवस तोटा अमुक मर्यादेत राहील, एवढेच सांगते. दोन गुंतवणूकसंचांची ही मर्यादा १० लाख रुपयेच असली, तरी उरलेल्या ५ दिवसांत एकाचा सरासरी तोटा १२ लाख, तर दुसऱ्याचा ६० लाख असू शकतो. टायरेल रॉकाफेलर व स्तानिस्लाव उर्यासेव यांनी २००० साली असे दाखवून दिले की, संभाव्य परिस्थितींची यादी हाती असल्यास ही टोकाची सरासरी किमान राखणारी विभागणी लिनियर प्रोग्रॅमिंगच्या साहाय्याने शोधता येते. बाजार जोखमीपोटी राखावयाच्या भांडवलासाठी बासेल समितीने २०१६ मध्ये ‘एक्स्पेक्टेड शॉर्टफॉल’ या नावाने हेच परिमाण स्वीकारले.

मात्र गणित केवळ दिलेल्या अटींत उत्तम पर्याय शोधते. अटी माणसालाच घालाव्या लागतात. निवृत्तीला दोन वर्षे उरलेल्या ग्राहकाची आणि नुकत्याच नोकरीस लागलेल्या तरुणाची तोटा सोसण्याची क्षमता सारखी नसते. म्हणूनच ‘परतावा किती?’ या प्रश्नाआधी ‘वाईटात वाईट काळात किती गमावणे परवडेल?’ हा प्रश्न विचारणे, यातच सुज्ञपणा आहे.