आवाज आणि मत

१० जुलै २०२५ रोजी महाराष्ट्र विधानसभेने विशेष जनसुरक्षा विधेयक संमत केले. हे विधेयक काही साधेसुधे नव्हते. शासनाच्या मते ते नक्षलवादी चळवळीच्या शहरी पाठीराख्यांना आवर घालणारे होते. टीकाकारांच्या मते ते नागरिकांच्या सभा-संघटनेच्या स्वातंत्र्यालाच हात घालणारे होते. ते उभय सभागृहांच्या संयुक्त समितीकडे गेले होते, त्यावर नागरिकांनी हजारो सूचना धाडल्या होत्या, आणि समितीतून परत येताना त्यात काही बदलही झाले होते. एवढा प्रवास करून आलेले हे विधेयक २८८ सदस्यांच्या सभागृहात अखेर आवाजी मतदानाने संमत झाले. मार्क्सवादी कम्युनिस्ट पक्षाचे डहाणूचे आमदार श्री. विनोद निकोले यांनी विरोध केला, एवढे वृत्तपत्रांत आले. दुसऱ्या दिवशी विधान परिषदेत विरोधकांनी सभात्याग केला. पुढे याच कायद्याविरुद्ध राज्यात आंदोलने झाली, सभा झाल्या, पत्रके निघाली. आणि विधानसभेत ज्या पक्षांचे सदस्य बसतात तेच पक्ष त्यांत अग्रभागी होते.

विधेयक चांगले की वाईट, हा आमचा आजचा विषय नव्हे. आमचा प्रश्न अगदी साधा आहे. आपल्या मतदारसंघाच्या आमदाराने त्या दिवशी 'होय' म्हटले, 'नाही' म्हटले, की तो सभागृहात नव्हताच, हे एखाद्या मतदाराला जाणून घ्यावयाचे असेल तर त्याने कोठे पाहावे? याचे उत्तर असे की, कोठेही पाहू नये. कारण ते कोठेही लिहिलेले नाही. आमदाराचे भाषण सापडेल, मुलाखत सापडेल, समाजमाध्यमांवरील त्याची ध्वनिचित्रफीत तर न मागताही भ्रमणध्वनीवर येऊन पडेल. चौकातील फलकावर तो हात जोडून उभाही दिसेल. सापडणार नाही ते त्याचे मत. आणि ते मत देण्यासाठीच आपण त्याला निवडून धाडले होते!

आवाजी मतदानाची पद्धत वाचकांना ठाऊक आहे. अध्यक्ष प्रस्ताव मतास टाकतात. अनुकूल सदस्य 'होय' म्हणतात, प्रतिकूल 'नाही' म्हणतात. कोणता आवाज मोठा हे अध्यक्ष कानांनी ठरवितात आणि निर्णय सांगतात. त्या निर्णयाला कोणी आव्हान दिले तरच मतविभागणी, म्हणजे आपल्या विधिमंडळाच्या बोलीत 'पोल', घ्यावी लागते आणि कोणी कोणते मत दिले याची नोंद होते. पण तेथेही एक पळवाट आहे. लोकसभेच्या नियम ३६७ प्रमाणे, मतविभागणी विनाकारण मागितली गेली असे अध्यक्षांना वाटले तर ते सदस्यांना जागेवर उभे करून केवळ डोकी मोजू शकतात. मग नावे नोंदविली जात नाहीत. घटनादुरुस्तीला विशेष बहुमत लागते म्हणून तेथे मोजणी चुकत नाही. उरलेल्या बहुतेक कायद्यांच्या नशिबी केवळ आवाज असतो.

प्रस्तुत लेखकाने आयुष्याची काही वर्षे शाळेत शिकविण्यात घालविली आहेत. "गृहपाठ केला का?" असे वर्गाला विचारले की सारा वर्ग एका सुरात "हो" म्हणतो, आणि ज्यांनी वही उघडलेलीही नसते त्यांचा स्वर त्यात सर्वांत उंच असतो. म्हणून शहाणा शिक्षक त्या सुरावर विसंबत नाही; तो एकेक वही तपासतो. आपले प्रजासत्ताक पंचाहत्तर वर्षांचे झाले, तरी आपण अजून त्या सुरावरच विसंबून आहोत.

ही काही आपली जुनी परंपरा आहे, असेही म्हणता येत नाही. नामदार गोखल्यांचे प्राथमिक शिक्षणाचे विधेयक मार्च १९१२ मध्ये परकीय सरकारच्या केंद्रीय कायदेमंडळात ३८ विरुद्ध १३ मतांनी फेटाळले गेले. त्या कायदेमंडळात सरकारी सदस्यांचा भरणा होता. पराभव ठरलेलाच होता, आणि तो गोखल्यांनाही दिसत होता. तरीही मते मोजली गेली. मुलांना शाळेत धाडण्याच्या बाजूने कोण उभे राहिले आणि विरुद्ध कोण, हे शंभर वर्षांनंतरही कळू शकते. गुलामगिरीच्या काळात झालेल्या एका पराभवाचा हिशेब आपल्यापाशी आहे. स्वतंत्र महाराष्ट्राच्या विधानसभेतील कालपरवाच्या मताचा नाही. ब्रिटिश लोकसभेने १८३६ पासून आपल्या मतविभागणीच्या याद्या अधिकृतपणे प्रसिद्ध करण्यास आरंभ केला. अमेरिकेच्या राज्यघटनेने तर उपस्थितांपैकी एक पंचमांश सदस्यांनी मागणी केली की प्रत्येकाचे मत नोंदविलेच पाहिजे असे बंधन घातले आहे.

नोंद होते तेव्हा काय दिसते, याचीही उदाहरणे आहेत. किरकोळ व्यापारातील परकीय गुंतवणुकीविरुद्धचा ठराव ५ डिसेंबर २०१२ रोजी लोकसभेपुढे आला. समाजवादी आणि बहुजन समाज या दोन्ही पक्षांच्या सदस्यांनी चर्चेत त्या गुंतवणुकीवर टीका केली. आणि मताची वेळ येताच दोन्ही पक्ष सभागृहाबाहेर निघून गेले. ठराव २५३ विरुद्ध २१८ मतांनी पडला. सरकार तरले, आणि दुकानदारांना सांगावयास भाषणही हाती राहिले! डिसेंबर २०१९ मध्ये नागरिकत्व कायद्यातील दुरुस्तीला शिवसेनेने ९ तारखेला लोकसभेत पाठिंबा दिला आणि ११ तारखेला राज्यसभेत सभात्याग केला. मधल्या दोन दिवसांत विधेयकाचे स्वरूप पालटले नव्हते. पालटली होती ती पक्षाची भूमिका. पक्षाने आपला विचार बदलू नये असे आम्ही म्हणत नाही. पण मते मोजली गेली होती म्हणूनच हा बदल लोकांना दिसला आणि त्याचा खुलासा मागता आला.

याच्या उलट, २० सप्टेंबर २०२० रोजी राज्यसभेत शेतीविषयक विधेयके आली. विरोधकांनी मतविभागणी मागितली. मागणारे सदस्य आपापल्या जागी नव्हते असे कारण सांगून ती नाकारण्यात आली आणि गोंधळातच विधेयके आवाजी मतदानाने संमत झाली. पुढे दिल्लीच्या वेशीवर शेतकरी वर्षभर बसून राहिले. २९ नोव्हेंबर २०२१ रोजी तेच कायदे चर्चेवाचून, पुन्हा आवाजानेच, रद्द झाले. ज्या प्रश्नाने देशाचे एक वर्ष ढवळून काढले, त्यावर राज्यसभेचा अमुक सदस्य पहिल्या दिवशी कोणत्या बाजूला होता आणि शेवटच्या दिवशी कोणत्या, याची नोंद इतिहासाला मिळणार नाही.

आणखी एक उदाहरण आम्ही मुद्दाम देतो. २० सप्टेंबर २०२३ रोजी महिला आरक्षणाची घटनादुरुस्ती लोकसभेत ४५४ विरुद्ध २ मतांनी संमत झाली. ते दोन विरोधी सदस्य म्हणजे हैदराबादचे श्री. असदुद्दीन ओवैसी आणि औरंगाबादचे तत्कालीन खासदार श्री. इम्तियाज जलील. इतर मागासवर्गीय आणि मुस्लिम स्त्रियांना त्यात वेगळा वाटा नाही, हे कारण त्यांनी उघड सांगितले आणि त्याप्रमाणे मत दिले. त्यांचा तो निर्णय आम्हाला पटत नाही. परंतु त्यांच्या मतदारांना आपला प्रतिनिधी काय म्हणाला आणि त्याने काय केले या दोन्ही गोष्टी एकाच वेळी समजल्या. लोकप्रतिनिधीकडून यापेक्षा अधिक मागण्याचा अधिकार आम्हाला नाही. यापेक्षा कमी घेण्याचेही कारण नाही.

येथे कोणी म्हणेल, पक्षादेश असताना एकेकट्या आमदाराचे मत नोंदवून काय साधणार? हा आक्षेप वजनदार आहे. १९८५ च्या बावन्नाव्या घटनादुरुस्तीने पक्षाच्या आदेशाविरुद्ध मत देणारा, इतकेच नव्हे तर परवानगीवाचून तटस्थ राहणारा सदस्यही अपात्र ठरू शकतो. पक्षांतराच्या बाजाराला आळा घालण्यासाठी आणलेल्या या कायद्याने तो बाजार कितपत थांबविला, हे महाराष्ट्राने २०२२ आणि २०२३ मध्ये उघड्या डोळ्यांनी पाहिले आहे. टोळीने जाणाऱ्यांना वाट सापडली. एकटा, सदसद्विवेकबुद्धीने उभा राहू पाहणारा सदस्य मात्र बांधला गेला. वस्तुतः १९९० मध्येच दिनेश गोस्वामी समितीने असे सुचविले होते की, मतामुळे येणारी अपात्रता सरकारवरील विश्वास-अविश्वासाच्या मतापुरती मर्यादित असावी. सर्वोच्च न्यायालयानेही १९९२ च्या किहोतो होलोहान खटल्यात हा कायदा वैध ठरविताना, पक्षादेशाचे क्षेत्र असा विश्वासदर्शक प्रश्न आणि पक्षाने मतदारांपुढे मांडलेले मूलभूत धोरण यांपुरतेच असावे, असा अभिप्राय दिला. तो अभिप्राय ग्रंथालयात पडून आहे.

तथापि पक्षादेश आहे म्हणून नोंद नको, हा युक्तिवाद उलटा आहे. पक्षाने बांधले असेल तर तेही लोकांना दिसू द्या. मतदारसंघात येऊन "माझा जीव तुमच्यासाठी तुटत होता, पण काय करणार!" असे सांगणाऱ्याला निदान हे तरी कबूल करावे लागेल की, त्याने तुटत्या जिवाने 'होय' म्हटले होते. १९५६ साली चिंतामणराव देशमुखांपुढे मुंबईच्या प्रश्नावर हाच पेच होता. मंत्रिमंडळाचा निर्णय आणि आपल्या लोकांविषयीचे कर्तव्य यांत अंतर पडले, तेव्हा त्यांनी दोन ठिकाणी दोन भाषणे केली नाहीत. अर्थमंत्रिपदाचा राजीनामा दिला. सर्वांनी देशमुख व्हावे अशी अपेक्षा करणे भाबडेपणाचे होईल. पण आपण देशमुख नाही, हे तरी लपून राहू नये.

दुसरा आक्षेप वेळेचा. प्रत्येक कलमावर, प्रत्येक दुरुस्तीवर नावे मोजत बसावे असे कोणीच म्हणत नाही. विधेयकाच्या शेवटच्या टप्प्यावर, संमतीच्या प्रस्तावाला, एकदा नावानिशी मत घ्यावे. त्याला काही मिनिटे लागतील. महिला आरक्षणाच्या वेळी शेकडो सदस्यांची मते चिठ्ठ्यांनी घेऊनही लोकसभेचे कामकाज कोसळले नाही.

तिसरा आक्षेप असा की, मत उघड झाले तर सदस्यावर दडपण येईल; मतदाराचे मत गुप्त, मग त्याचे का नको? याचे उत्तर लोकशाहीच्या मुळाशीच आहे. मतदाराचे मत गुप्त असावे, कारण तो मालक आहे. प्रतिनिधीचे मत उघड असावे, कारण तो विश्वस्त आहे. शिवाय ही गुप्तता आपल्या पक्षांना तरी कोठे मान्य आहे? २००३ मध्ये कायदा बदलून त्यांनी राज्यसभेच्या निवडणुकीत आमदाराने आपली मतपत्रिका पक्षाच्या अधिकृत प्रतिनिधीला दाखवावी अशी व्यवस्था करून घेतली. म्हणजे आमदाराचे मत पाहण्याचा अधिकार पक्षाने स्वतःकडे घेतला. ज्याच्या नावाने तो आमदार झाला त्या मतदाराला मात्र तो मिळाला नाही. राज्यघटनेने सभागृहातील भाषण आणि मत या दोहोंना न्यायालयीन कारवाईपासून सारखेच संरक्षण दिले आहे. आणि ४ मार्च २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने ते संरक्षण लाच घेणाऱ्यासाठी नाही असेही बजावले आहे. ज्या मताला घटनेने एवढे जपले, ते नोंदविण्याच्याही योग्यतेचे नसावे काय?

म्हणून आमची मागणी मर्यादित आहे. विधिमंडळाने आपल्या नियमांत दुरुस्ती करून प्रत्येक शासकीय विधेयकाच्या अंतिम संमतीस नावानिशी मतनोंद अनिवार्य करावी आणि ती त्याच दिवशी मराठीत प्रसिद्ध करावी. गैरहजर कोण, तटस्थ कोण, सभात्याग करून गेले कोण, हेही त्यात असावे. यासाठी घटनादुरुस्ती नको, दिल्लीची अनुमती नको. आज सत्तेवर असलेल्यांना हे गैरसोयीचे वाटेल. आणि आज विरोधात असलेलेही फारसे आग्रही दिसत नाहीत, कारण आवाजाचा आडोसा दोघांनाही उपयोगी आहे. जुलै २०२५ ची घटना हीच गोष्ट सांगते.

तेव्हा हे काम शेवटी मतदारालाच करावे लागेल. आपल्याकडे प्रतिनिधीची परीक्षा भाषणावरून होते, फलकावरून होते, लग्नामुंजीला तो आला की नाही यावरून होते. खासदारांच्या उपस्थितीचे आणि प्रश्नांचे तक्ते प्रसिद्ध होतात; त्यात मताचा रकाना बहुधा नसतोच. पुढल्या वेळी आपला आमदार हात जोडून दारी येईल तेव्हा त्याला चहा जरूर द्यावा, त्याचे म्हणणेही ऐकून घ्यावे, आणि मग शांतपणे विचारावे: "साहेब, अमुक विधेयकावर आपण कोणते मत दिले? आणि ते कोठे लिहिले आहे?" पहिल्या प्रश्नाला उत्तर मिळेलही. दुसऱ्याला ते मिळेपर्यंत हा प्रश्न विचारीत राहणे, हे आपले काम आहे.