पावतीखालचा नंबर

कामठीहून नदीचा पूल ओलांडला की कन्हान. वेकोलिच्या, म्हणजे वेस्टर्न कोलफील्ड्सच्या, खाणी आजूबाजूला, त्यामुळे रस्त्यावर कोळशाचे ट्रक आणि पानांवर काळी धूळ. इथल्या एका खासगी काट्यावर भरलेली गाडी चढते, केबिनमधल्या पडद्यावर आकडे थरथरतात. ते स्थिरावले की ऑपरेटर बटण दाबतो आणि डॉट मॅट्रिक्स प्रिंटर करकरत पावती सोडतो : भरलेलं वजन, रिकामं वजन, निव्वळ माल. तळाशी बारीक अक्षरांत एक मोबाइल नंबर.

‘हा कोणाचा?’

‘सॉफ्टवेअर बनवनाऱ्या पोराचा. बंद पडलं का त्यालेच लावतो जी. रात्री दोनलेही उचलते.’

नागपूरच्या दुसऱ्या टोकाला मिहान आहे. टीसीएस, इन्फोसिस, एचसीएल तिथं बसल्या आहेत. तिथल्या प्रोग्रामरचा नंबर कुठल्याच पावतीवर छापला जात नाही. वापरणाऱ्याची तक्रार ‘तिकीट’ होते, दोन-तीन हातांतून फिरते आणि त्याच्यापर्यंत पोचते तेव्हा तक्रार करणारा माणूस तिच्यातून गळालेला असतो. बदल्यात रात्री दोनला झोप मिळते, महिनाअखेरीस पगार मिळतो, पीएफ कापला जातो. काट्यावाल्या पोराला यातलं काही नाही.

दोघांत फरक हुशारीचा, असं सांगणारे दोन्हीकडे भेटतात. मला तो मालकीचा वाटतो, आणि तो कायद्यात लिहून ठेवलेला आहे. १९५७च्या कॉपीराइट कायद्यात संगणकाचा प्रोग्राम साहित्यकृती मानला जातो. म्हणजे कादंबरी आणि काट्याचं सॉफ्टवेअर एकाच रकान्यात! कलम १७ सांगतं की नोकरीचा भाग म्हणून लिहिलेल्या कृतीचा पहिला मालक, वेगळं ठरलं नसेल तर, नोकरी देणारा. बाहेरच्या माणसाकडून काम करून घेतलं तर मात्र पैसे मोजूनही कोडचे हक्क लिहिणाऱ्याकडेच राहतात. ते हवे असतील तर लेखी हस्तांतरण लागतं. त्यातही कलम १९ची मेख आहे. मुदत लिहिली नाही तर हस्तांतरण पाचच वर्षांचं, प्रदेश लिहिला नाही तर भारतापुरतंच. हे ठाऊक नसल्यानं कित्येक जण ग्राहकानं पुढं केलेल्या छापील करारावर न वाचता सही करतात आणि नोकरी नसतानाही नोकरासारखे हक्क सोडून बसतात.

मालकी स्वतःकडे राहिली तर काय होऊ शकतं, ते काटकर भावांकडे पाहून कळतं. मूळचे साताऱ्याकडच्या रहिमतपूरचे कैलाश काटकर पुण्यात कॅल्क्युलेटर दुरुस्त करायचे. पुढं दुकानात संगणक येऊ लागले, त्यांच्यासोबत व्हायरसही आले. संगणकशास्त्र शिकणारा धाकटा भाऊ संजय ते साफ करणारे प्रोग्राम लिहू लागला. १९९५च्या सुमारास त्यातूनच भावांनी स्वतःचा अँटिव्हायरस विकायला काढला. तोच क्विक हील. २०१६मध्ये कंपनी शेअर बाजारात गेली. हाच कोड संजयनी कुणाकडे नोकरीत लिहिला असता, तर तो त्या कुणाचा झाला असता. आणि आज त्यांच्या कंपनीतले इंजिनिअर जे लिहितात ते कंपनीचं. कलम तेच, बाजू तेवढी पालटली.

दोन्ही दगडांवर पाय ठेवणाऱ्यांचं काय होतं, ते २०२२मध्ये दिसलं. विप्रोच्या रिशद प्रेमजींनी नोकरी सांभाळून दुसरीकडे काम करणं ही सरळ फसवणूक आहे असं म्हटलं, आणि पुढच्याच महिन्यात प्रतिस्पर्ध्यांकडेही काम करणाऱ्या ३०० जणांना काढल्याचं सांगितलं. इन्फोसिसनं आधी तंबी दिली, मग वरिष्ठांच्या परवानगीनं बाहेरची कामं करायला वाट ठेवली.

त्याच वर्षी डिसेंबरात नागपूर मेट्रोच्या दुसऱ्या टप्प्याला केंद्रानं मंजुरी दिली. त्यात ऑटोमोटिव्ह चौक ते कन्हान नदी हा १३ किलोमीटरचा फाटा आहे. तो झाला की इथली पोरं कन्हानजवळ बसून मिहानच्या दिशेला उतरतील. किती जण काट्यापाशी थांबतील, कोण जाणे.

निघताना काटामालकाला विचारलं, सॉफ्टवेअरवाल्याशी करार केलाय का.

‘करार कायचा?’ त्यानं पावती माझ्यापुढं धरली. ‘नंबर हाये ना.’