मल्लखांब : इतिहास व गुरुपरंपरा

मल्लखांब : कुस्तीला पूरक म्हणून वाढलेला व पुढे स्वतंत्र क्रीडाप्रकाराचे स्थान मिळविलेला एक भारतीय व्यायामप्रकार. ‘मल्ल’ म्हणजे कुस्तीगीर व ‘खांब’ म्हणजे स्तंभ. मल्लाने ज्याच्याशी झटून श्रम करावयाचे तो खांब, असा या शब्दाचा सरळ अर्थ आहे. व्यायामसाधन आणि त्यावरील व्यायाम या दोहोंसही हीच संज्ञा लावतात. त्याची शास्त्रशुद्ध जोपासना मुख्यत्वे महाराष्ट्रात आणि महाराष्ट्राबाहेरील मराठी संस्थानांच्या प्रदेशांत झाली.

मल्लखांब साग किंवा शिसवीच्या लाकडाचा असून तो जमिनीत घट्ट पुरलेला असतो. जमिनीवरील त्याची उंची सु. अडीच मी. असते. बुंध्याशी जाड असलेला हा खांब वर निमुळता होत जातो, शेंड्याजवळ त्याला बारीक मान असते व मानेवर वाटोळे बोंड असते. हा आकार शोभेसाठी दिलेला नाही. बोंड हे प्रतिस्पर्ध्याचे डोके, मान ही मान आणि खालचा भाग हे धड, अशी कल्पना त्यामागे आहे. खांबाला व अंगाला एरंडेल तेल लावतात. त्यामुळे कातडी सोलवटत नाही. पण त्याहून महत्त्वाचे म्हणजे खांब निसरडा होतो व नुसत्या घर्षणावर अंग धरून ठेवता येत नाही. पकड मांडीच्या, पोटाच्या व बगलेच्या स्नायूंनीच निर्माण करावी लागते. मल्लखांबाचा सारा गुण या एका गोष्टीत साठविला आहे. कुस्तीत प्रतिस्पर्धी हालतो व खेळाडू त्याला धरतो, तर येथे खांब स्थिर राहतो आणि खेळाडूला आपलेच वजन उलटसुलट पेलावे लागते. दोन्हीकडे कामास येणारे स्नायू मात्र बहुतांशी तेच असतात.

प्राचीन उल्लेख : स्तंभावर श्रम करण्याची चाल बरीच जुनी आहे. कल्याणीचा चालुक्य राजा तिसरा सोमेश्वर (कार. ११२६–३८) याच्या मानसोल्लास या संस्कृत ग्रंथात मल्लविनोदाचे सविस्तर वर्णन असून, मल्लांनी करावयाच्या व्यायामांत स्तंभश्रमाची गणना केली आहे. गुजरातेतील ज्येष्ठीमल्ल या व्यावसायिक मल्लांच्या ज्ञातीशी निगडित असलेल्या मल्लपुराणातही स्तंभश्रमाचा निर्देश येतो. हा ग्रंथ १९६४ मध्ये बडोद्याहून संपादित स्वरूपात प्रसिद्ध झाला. या उल्लेखांवरून आजचा मल्लखांब बाराव्या शतकात जसाच्या तसा होता, असे अनुमान काही लेखक काढतात. ते घाईचे आहे. खांबाशी झोंबून बाहू व छाती बळकट करणे ही एक गोष्ट आणि खांबावर चढून अढ्या, फिरक्या व उतरत्या यांची साखळी गुंफणे ही दुसरी. पहिलीला जुना ग्रंथाधार आहे. दुसरीचा ज्ञात इतिहास उत्तर पेशवाईपासून सुरू होतो.

पेशवाई व बाळंभटदादा देवधर : पेशव्यांचे भट घराणे मूळचे कोकणातील श्रीवर्धनचे (जि. रायगड). तेथील देशमुखी या घराण्याकडे होती. जंजिऱ्याच्या सिद्दीच्या जाचामुळे बाळाजी विश्वनाथांनी घाटावरचा मार्ग धरला आणि १७१३ मध्ये ते पेशवे झाले. त्यानंतर शंभर वर्षे हे घराणे पुण्यात राजसत्ता चालवीत होते आणि त्याच्या आश्रयाने तालमी व मल्ल पोसले जात होते. श्रीवर्धन हे रोठा सुपारीसाठी प्रसिद्ध आहे. पोफळीवर सरसर चढणारे तेथील गडी पाहिले, की मल्लखांबाचे मूळ कोकणच्या वाड्यांत असावे, असा मोह होतो. परंतु तुलना टिकत नाही. पोफळीवर चढणारा पायांत दोरीचा फास अडकवितो व खोडाच्या खरखरीत कातडीचा आधार घेतो. मल्लखांबावर तेल असते, फास नसतो, आणि वर पोहोचणे हा त्याचा हेतूही नसतो. श्रीवर्धनचा मल्लखांबाशी संबंध आहे तो आश्रयदात्या घराण्याचे मूळ गाव म्हणून.

मल्लखांबाच्या सर्व गुरुपरंपरा बाळंभटदादा देवधर यांच्यापाशी येऊन थांबतात. ते दुसऱ्या बाजीरावाच्या (पेशवेपद १७९६–१८१८) पदरी होते. त्यांच्याविषयीची परंपरागत कथा अशी : निजामाच्या मुलखातून अली व गुलाब हे दोन नामांकित पहिलवान पुण्यास आले व त्यांनी पेशव्यांच्या दरबारी कुस्तीचे आव्हान दिले. कोणी पुढे येईना, तेव्हा तरुण बाळंभटांनी ते स्वीकारले आणि तयारीसाठी मुदत मागून घेतली. ते वणीच्या सप्तशृंगी गडावर गेले. तेथे त्यांनी देवीची उपासना केली व मारुतीच्या दृष्टांतावरून लाकडी खांबावर डाव घोटले. परत येऊन त्यांनी अलीला चीत केले. ते पाहून गुलाबने कुस्ती सोडून दिली. काहींच्या मते दृष्टांत झाला नसून झाडावर खेळणाऱ्या वानरांच्या हालचालींवरून ही युक्ती सुचली.

ही कथा शिष्यपरंपरेने तोंडोतोंडी जपलेली आहे व तिची घडण अशा कथांच्या नेहमीच्या साच्यातली आहे : बलाढ्य परका आव्हानकर्ता, एकान्तातील साधना, दैवी संकेत व विजय. चीनमधील शाओलिन मठाच्या युद्धविद्येचे मूळ बोधिधर्म या भारतीय भिक्षूकडे नेणारी परंपराही याच जातीची आहे. १९३० च्या सुमारास तांग हाओ या चिनी संशोधकाने जुन्या ग्रंथांची छाननी करून तिचा फोलपणा दाखविला. बोधिधर्माच्या नावावर चालणारा यीजिनजिंग हा व्यायामग्रंथ प्रत्यक्षात सतराव्या शतकातला आहे. बाळंभटदादांच्या बाबतीत मात्र असा निकाल देण्याचे कारण नाही. बोधिधर्म व तो ग्रंथ यांच्यात हजारांहून अधिक वर्षांचे अंतर आहे; येथे गुरू आणि त्यांचे नामनिर्दिष्ट शिष्य यांच्यात एका पिढीचेही अंतर नाही. दृष्टांताचा भाग बाजूला ठेवला, तरी जुन्या स्तंभश्रमाला डावांची पद्धतशीर मांडणी देणारा पुनरुज्जीवक म्हणून त्यांचे श्रेय अबाधित राहते. ‘जनक’ या रूढ शब्दापेक्षा ‘पुनरुज्जीवक’ हाच शब्द त्यांना अधिक न्याय देतो.

परंपरेचा प्रसार : १८१८ मध्ये पेशवाई संपली व दुसरा बाजीराव कानपूरजवळ ब्रह्मावर्त (बिठूर) येथे जाऊन राहिला. राज्य बुडाल्याने विद्याही बुडावयाची, पण येथे उलट घडले. पुण्यात एका आश्रयदात्याभोवती जमलेली मंडळी उत्तरेकडे पांगली आणि त्यांच्याबरोबर मल्लखांब नर्मदेपलीकडे गेला. बाळंभटदादा व त्यांचे शिष्य कोंडभटनाना गोडबोले यांनी काशीत आखाडा चालविला. दामोदरगुरू मोघे, तसेच देवधर घराण्यातील नारायणगुरू यांनी ही विद्या पुढे नेली. अच्युतानंद स्वामींच्या शिष्यशाखेमुळे ती माळव्यात रुजली; उज्जैन येथे त्यांच्या नावाची व्यायामशाळा आहे. नानासाहेब, तात्या टोपे व झाशीची राणी लक्ष्मीबाई यांनी बालपणी ब्रह्मावर्तात मल्लखांबाचे शिक्षण घेतले, असे परंपरा सांगते.

बडोद्याची शाखा वेगळ्या वळणाची आहे. तेथे जुम्मादादा या मुसलमान उस्तादांचा आखाडा प्रसिद्ध होता. त्यांनी आपली गादी माणिकराव या हिंदू शिष्याकडे सोपविली व गुरूचे नाव त्या व्यायाममंदिराला कायमचे राहिले. आव्हानकथेतील अली–गुलाबांचा पराभव आवेशाने सांगणाऱ्यांनी हा वारसाही लक्षात घ्यावयास हवा. आखाड्यात गुरू विद्येवरून ओळखला जाई. राजरत्न माणिकरावांनी सामुदायिक कवायतीची शिस्त व देशी आज्ञाशब्द रूढ केले. आखाड्यातील ज्ञान छापील स्वरूपात आणण्याचे मोठे कामही बडोद्यासच झाले. द. चिं. करंदीकर–मुजुमदार यांनी संपादिलेल्या व्यायामज्ञानकोशाचे दहा खंड १९३६–४९ या काळात प्रसिद्ध झाले. तोवर गुरूच्या तोंडी असलेली डावांची नावे त्यामुळे लेखनिविष्ट झाली.

१८७८ च्या शस्त्रबंदीच्या कायद्यानंतर तालमींना राष्ट्रीय वृत्तीचे रूप आले. अमरावतीचे हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ (१९१४), पुण्याचे महाराष्ट्रीय मंडळ (१९२४) व मुंबईचे श्री समर्थ व्यायाम मंदिर (१९२५) या संस्था त्या वातावरणातल्या आहेत. अमरावतीच्या पथकाने १९३६ मध्ये बर्लिन ऑलिंपिकच्या वेळी भारतीय व्यायामप्रकारांची प्रात्यक्षिके केली. एक गुरू व त्याचे निवडक शिष्य ही चौकट या संस्थांनी मोडली. वर्ग, वेळापत्रक व परीक्षा आल्या. त्यात थोडे गमावलेही. एका घराण्याची फिरकी दुसऱ्याहून वेगळी ओळखू येई, तो बारकावा पुसट झाला.

प्रकार व स्पर्धा : पुरलेल्या मल्लखांबाखेरीज टांगता मल्लखांब व दोरीचा मल्लखांब हे प्रमुख प्रकार होत. टांगत्या प्रकारात आखूड खांब साखळीने अधांतरी टांगतात; तो फिरतो व झुलतो, म्हणून तोल सांभाळणे अवघड जाते. दोरीच्या जागी पूर्वी वेत वापरीत. चांगला वेत दुर्मिळ झाल्यावर सुती दोर आला. दोर अंगठ्यात धरून चढावयाचे व गाठ न मारता अंगाभोवती वेढे घेऊन आसन साधावयाचे असते. हा प्रकार मुलींनी विशेष आपलासा केला. पुरलेल्या खांबावर साधी उडी, बगली, दसरंग, तेढी, फिरकी, सुईदोरा, वेल इ. अनेक डाव आहेत. अढी म्हणजे दोन्ही पायांनी खांबास घातलेली मिठी. ती पक्की झाल्याखेरीज पुढचा कोणताही डाव शिकवीत नाहीत.

१९५८ मध्ये दिल्लीतील राष्ट्रीय जिम्नॅस्टिक्स स्पर्धेच्या वेळी मल्लखांबाचे प्रात्यक्षिक झाले व १९६२ मध्ये ग्वाल्हेर येथे त्याचा त्या स्पर्धांत समावेश झाला. पुढे तो वगळला गेल्याने जानेवारी १९८१ मध्ये उज्जैन येथे स्वतंत्र राष्ट्रीय स्पर्धा भरविण्यात आल्या व अखिल भारतीय संघटना अस्तित्वात आली. मध्य प्रदेशाने २०१३ मध्ये मल्लखांबास राज्यक्रीडेचा दर्जा दिला. पहिली जागतिक स्पर्धा फेब्रुवारी २०१९ मध्ये मुंबईतील शिवाजी पार्कवर झाली. दोरीच्या मल्लखांबातील हिमानी परब यांना २०२१ चा अर्जुन पुरस्कार मिळाला आणि प्रशिक्षक उदय देशपांडे यांना २०२४ मध्ये पद्मश्री देण्यात आली. स्पर्धेत पुरलेल्या खांबावरील संच दीड मिनिटाच्या आत पुरा करावयाचा असून डावांची काठिण्यपातळी, सफाई व त्यांतील सलगपणा यांवर गुण देतात. उतरताना मांडलेला शेवटचा डाव व जमिनीवरील स्थिर उभे राहणे यांसही गुण असतात.